भोपळ्याचा जोम आणि बियाण्याची मालकी

(काल्हेर, ता. भिवंडी येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या टापूत भोपळ्याच्या बियाण्यावर भाषण ठेवणे काहींना चमत्कारिक वाटेल. ठाणे-भिवंडी रस्त्याच्या आजूबाजूला जेथे एकेकाळी भातखाचरे होती, तेथे आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. जमिनीचा मोबदला, हमालांची मजुरी, पिण्याचे पाणी असे प्रश्न दारात उभे असताना बियाण्याची चिकित्सा कशासाठी, ही शंका साहजिक आहे. परंतु गोदामांच्या गावाला एक गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. माल गावात असतो आणि मालकी परगावी असते. राखण गावातल्या माणसाने करायची आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. भाजीपाल्याच्या बियाण्याची आजची स्थिती याहून फारशी निराळी नाही. बी शेतकऱ्याच्या वावरात पडते. त्या बियाच्या आईबापांची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती असते. ही किल्ली निसर्गाने घडवली की बाजाराने, याचा उलगडा झाल्यावाचून बियाण्याच्या प्रश्नावर कार्यकर्त्याला जबाबदारीने बोलता येणार नाही. भोपळ्याच्या वेलावर हा उलगडा जितका स्वच्छ होतो, तितका फार थोड्या पिकांवर होतो.

परदेशी वेल, देशी मांडव

लाल भोपळा, ज्याला कोठे डांगर, कोठे काशीफळ, कोठे गंगाफळ म्हणतात, तो मूळचा या देशातला नाही. त्याचे कूळ अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील ओआखाका प्रांतातील एका गुहेत सापडलेल्या बियांवरून, तेथील माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी या कुळातील वेल माणसाळवला होता, असे दिसते. कोलंबसानंतर दर्यावर्दी लोकांच्या हातून तो जगभर पसरला. दुधी भोपळा वेगळ्या कुळाचा; त्याचे मूळ आफ्रिकेत आणि भारतातील त्याचा मुक्काम फार जुना.

ही बी येथे आली तेव्हा तिच्यासोबत परवाना नव्हता, स्वामित्वशुल्क नव्हते. ती देवघेवीने आली, परसात रुजली, मांडवावर आणि कौलांवर चढली. चांगले फळ वेलावरच जून होऊ द्यावे, त्याचे बी धुऊन वाळवावे, राख लावून ठेवावे आणि पाऊस पडला की मूठभर शेजारणीला द्यावे, ही पद्धत घराघरांतील बायकांनी चालवली. कोणाला घारग्यांसाठी गोड आणि गर्द रंगाचा गर हवा होता, कोणाला टिकाऊ जाड साल हवी होती. त्या गरजेप्रमाणे निवड होत गेली आणि एका परदेशी वेलाचे शेकडो गावठी वाण झाले. शास्त्राच्या भाषेत ही पैदासच होय. तिला वेतन नव्हते आणि तिच्यावर कोणाचे नाव नव्हते, इतकाच फरक.

गुण कसे उतरतात

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी चिमुकले फळ असते, त्यामुळे ते लहान मुलालाही ओळखता येते. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत कोमेजते. तेवढ्या वेळात मधमाशीने परागकण पोचवले तर फळ धरते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. फुले मोठी आणि निराळी असल्यामुळे कोणता नर कोणत्या मादीशी जोडायचा, हे माणसाला हाताने ठरवता येते. म्हणूनच आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना हा वेल सोयीचा वाटला.

१९२० च्या दशकात एडमंड सिनॉट या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळातील फळांच्या आकारावर केलेले प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. गोल फळांच्या दोन वेगळ्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत एकही फळ गोल येत नाही. सारी फळे चपटी, चकतीसारखी येतात. आईबापांपैकी कोणातही न दिसलेला गुण लेकरांत एकदम प्रकट होतो. त्या चपट्या फळांच्या वेलांचे आपसात परागीकरण करून बी पेरले, तर दुसऱ्या पिढीत दर सोळा वेलांमागे साधारण नऊ चपट्या, सहा गोल आणि एक लांबट फळांचा निघतो. कारण आकार ठरवणारे घटक दोन जोड्यांत असतात. दोन्ही जोड्यांत प्रभावी घटक आला की फळ चपटे, एकाच जोडीत आला की गोल, कोणत्याच जोडीत आला नाही की लांबट. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरून मांडलेला आणि १९०० साली पुन्हा उजेडात आलेला नियमच येथे वेगळ्या रूपात दिसतो.

या हिशेबातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी की, संकरित फळाचे बी राखून पेरले तर पीक येत नाही, ही समजूत चुकीची आहे. पीक येते, पण ते एकसारखे राहत नाही, त्याची पांगापांग होते. दुसरी अशी की, लाल भोपळ्याशेजारी दुधी लावल्याने दोन्ही बिघडतात, ही समजूतही चुकीची आहे. ती दोन वेगळी कुळे आहेत आणि त्यांचा संकर होत नाही. शिवाय परक्या परागाने चालू हंगामातले फळ बदलत नाही. बदल बियात बसतो आणि पुढच्या पेरणीत दिसतो. मात्र एक इशारा गंभीरपणे घेतला पाहिजे. या कुळातील रानटी आणि शोभेच्या वेलांत विषारी कडूपणा असतो आणि तो बहुधा प्रभावी गुण म्हणून उतरतो. अशा वेलाचा पराग लागलेले बी राखले गेले, तर पुढची फळे कडू निघतात. कडू लागलेला भोपळा किंवा दुधी खाऊ नये आणि त्याचे बीही ठेवू नये. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याच्या घटना या देशात घडल्या आहेत. गावठी बियाण्याचा कैवार घेणाऱ्याने हे लपवता कामा नये.

संकराचा जोम

वेगळ्या वाणांच्या मीलनातून झालेली संतती आईबापांपेक्षा जोमदार असते, हे निरीक्षण जुने आहे. डार्विनने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अनेक वनस्पतींवरील प्रयोगांनी दाखवून दिले, की परपरागाने झालेली रोपे स्वपरागाने झालेल्या रोपांपेक्षा सामान्यतः उंच आणि सशक्त असतात. जॉर्ज शल याने १९०८ साली मक्यावर हाच विषय पुढे नेला. पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करून दुबळ्या पण शुद्ध झालेल्या दोन वाणांचा संकर केला, की पहिल्या पिढीत उत्पन्नाची मोठी उसळी दिसते. मात्र ही उसळी टिकत नाही. त्याच पिकाचे बी पुन्हा पेरले, तर जादा जोम साधारण निम्म्यावर येतो. पूर्ण जोम हवा असेल, तर दर वर्षी मूळ आईबापांकडे परत जावे लागते. आणि आईबाप ज्याच्या कपाटात, त्याच्या दुकानी शेतकऱ्याला दर वर्षी जावे लागते.

अर्थात हा योगायोग व्यापाराच्या नजरेतून सुटला नाही. ईस्ट आणि जोन्स या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१९ सालच्या आपल्या ग्रंथातच सूचित केले होते, की या पद्धतीत पैदासकाराला एखाद्या संशोधकाच्या एकस्वासारखे संरक्षण आपोआप मिळते. कायदा नको, पहारेकरी नको; बियाण्यातच कुलूप.

जोमाचे कारण काय, याविषयी शास्त्रज्ञांत दोन मते होती. पहिल्या मताप्रमाणे, प्रत्येक वाणात काही दुबळे, अप्रभावी घटक दडलेले असतात. संकरात एकाचे वैगुण्य दुसऱ्याच्या प्रभावी घटकाने झाकले जाते. दुसऱ्या मताप्रमाणे, जोडीतील दोन घटक वेगवेगळे असणे हेच जोमाचे मूळ आहे. हा वाद वरवर पंडिती वाटतो. पण त्याचा अर्थ खोल आहे. पहिले मत खरे असेल, तर चिकाटीने निवड करीत सारे चांगले घटक एकाच सरळ वाणात गोळा करणे तत्त्वतः शक्य आहे आणि तो वाण एकदा शेतकऱ्याला मिळाला की कायमचा त्याचा झाला. दुसरे मत खरे असेल, तर जोम संकरापुरताच राहणार आणि शेतकऱ्याला बाजाराची वाट दर वर्षी धरावी लागणार. पुढच्या संशोधनाने, विशेषतः मक्यात, कौल मुख्यतः पहिल्या मताच्या बाजूने दिला. शेकडो घटक एका वाणात आणणे सोपे नाही, हेही तितकेच खरे. परंतु १९८६ साली बर्लां आणि लेवोंटिन यांनी जो प्रश्न विचारला, तो आजही अनुत्तरित आहे. साऱ्या संशोधनाचा पैसा आणि बुद्धी संकराच्या वाटेवर ओतली गेली आणि निवडीची वाट उपाशी ठेवली गेली. अशा स्थितीत संकराचे श्रेष्ठत्व हा निसर्गाचा निर्णय मानायचा की गुंतवणुकीचा?

भोपळ्याची साक्ष

येथेच भोपळ्याची साक्ष निर्णायक ठरते. मक्याचे सतत स्वपरागीकरण केले तर काही पिढ्यांत तो खुरटतो. भोपळ्याच्या कुळात मात्र पराग मधमाश्यांनी इकडून तिकडे नेला जात असूनही, स्वपरागीकरणाने जोम फारसा घटत नाही, असे संशोधकांना गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच आढळून आले. याचा एक खुलासा असा दिला जातो: वेलाला जागा पुष्कळ लागते, त्यामुळे एका कुटुंबाकडे नेहमी दोन-चारच वेल असत. इतक्या थोड्या वेलांचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले की जवळच्या नात्यातला संयोग अटळ होतो. दुबळे घटक उघडे पडतात आणि निवडीत गळून जातात. म्हणजे मक्यात जी दुर्बलता संकराने झाकावी लागते, ती भोपळ्यातून परसातल्या बायकांनी बऱ्याच अंशी आधीच काढून टाकली होती.

याचा अर्थ भोपळ्यात संकराला काहीच मोल नाही, असा करणे हा खोटेपणा होईल. संकरित वाणांत फळ लवकर लागते, उत्पन्न वाढते, सारी फळे सारख्या आकाराची येतात आणि दोन आईबापांकडील रोगप्रतिकार एकाच वेलात आणता येतो. मुंबईच्या बाजारात माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याला या गोष्टींचे मोल आहे. ‘संकरित म्हणजे विष’ ही घोषणा देणारा कार्यकर्ता त्या शेतकऱ्याच्या अनुभवाचाच अपमान करतो. म्हणणे इतकेच आहे, की या कुळात उत्तम सरळ वाण आणि संकरित वाण यांमधील अंतर मक्याइतके मोठे नाही आणि सार्वजनिक संशोधनाने ते आणखी कमी करता येते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा लाल भोपळ्याचा ‘अर्का चंदन’ आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा दुधीचा ‘सम्राट’ हे सरळ वाण सार्वजनिक संस्थांतून आलेले आहेत. संकर हीदेखील खासगी भांडवलाची मिरासदारी नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७१ सालीच दुधीचे ‘पुसा मेघदूत’ आणि ‘पुसा मंजरी’ हे संकरित वाण दिले होते.

रोगप्रतिकाराची कथा तर अधिक बोलकी आहे. १९८१ साली झुकिनीच्या पिवळ्या मोझॅक विषाणूचे वर्णन इटलीतून प्रसिद्ध झाले आणि पुढे हा रोग जगभर पसरला. त्याला तोंड देणारे घटक मिळाले ते नायजेरियातील एका गावठी भोपळ्यात आणि पोर्तुगालमधील एका जुन्या वाणात. अमेरिकेतील कॉर्नेलसारख्या विद्यापीठांतील संशोधकांनी त्यांचा आनुवंशिक अभ्यास केला. त्यानंतर ते घटक बाजारातील संकरित वाणांत उतरले. नायजेरियाच्या शेतकऱ्याने शतकानुशतके राखलेली प्रतिकारशक्ती बंद पाकिटात विक्रीस आली, तेव्हा पाकिटावर त्याचे नाव नव्हते.

एकसारखेपणाची किंमत

संकराने येणारा एकसारखेपणा बाजाराला आवडतो. तो रोगालाही आवडतो. १९६५ साली बाजरीचा पहिला संकरित वाण भारतात आला आणि उत्पन्न झपाट्याने वाढले. त्या काळचे गाजलेले संकरित वाण एकाच अमेरिकन मातृवाणावर आधारलेले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी केवडा रोगाने, ज्याला शेतकरी गोसावी म्हणतात, या बाजरीचा मोठा संहार केला. अमेरिकेत १९७० साली मक्यावर अशीच आपत्ती आली आणि देशाच्या पिकाचा सुमारे १५ टक्के भाग गेला. तेथेही बहुतेक संकरित वाणांत एकच मातृघटक वापरला गेला होता. शंभर परसांत शंभर प्रकारचे भोपळे असतात तेव्हा रोग काही वेल नेतो आणि काही सोडतो. जो वाचतो, त्याचे बी पुढच्या वर्षीची आशा असते. गावठी वाण नाहीसे होणे हा म्हणूनच भावुकतेचा विषय नाही. उद्याच्या संकराला लागणारे आईबापही त्यांतूनच यायचे आहेत.

कागदावरचा हक्क

संसदेने २००१ साली वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पाकिटात विकता येत नाही, एवढीच मर्यादा. हा हक्क मोलाचा आहे. २०१९ साली गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने दावे लावले, तेव्हा याच कलमाच्या आधाराने देशभर आवाज उठला आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. परंतु भाजीपाल्यात हा हक्क आतून पोकळ होत आहे. कायदा म्हणतो, बी राखा. संकरित पाकीट म्हणते, राखून काय करणार? बी राखणे हा गुन्हा ठरवण्याची कोणाला गरजच उरत नाही.

हे एका दिवसात घडले नाही. १९८८ च्या बीज धोरणाने भाजीपाल्याच्या बियाण्याची आयात खुली केली. मोन्सॅन्टोने २००५ साली सेमिनिस ही भाजीपाला बियाण्यातील बलाढ्य कंपनी घेतली आणि २०१८ साली मोन्सॅन्टोच बायरच्या पोटात गेली. महाराष्ट्रात जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांत संकरित भाजीपाला बियाण्याचे उत्पादन कंत्राटी पद्धतीने होते. आईबाप-वाणांचे बी कंपनी पुरवते आणि तयार बी कंपनीच नेते. फूल उमलण्याआधी नर भाग काढणे, पराग लावणे, खूण बांधणे ही नाजूक कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रीमजूर करतात. ज्या बायकांच्या आज्यांनी वाण निवडले, त्यांच्या नाती आज रोजंदारीवर संकर करतात. पण कोणाचा कोणाशी, हे ठरवणे त्यांच्या हाती नाही. मालकी हातातून जाते ती अशी. काम उरते, निर्णय जातो.

१९३३ ते १९३९ या काळात अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, तेव्हा प्रश्न पिकातल्या वाट्याचा होता. पेरायचे बी कोणाचे, हा प्रश्न त्या काळी उद्‌भवलाच नव्हता. आज तो उद्‌भवला आहे.

कार्यक्रम

या विवेचनातून पक्षाच्या कामासाठी काही स्पष्ट मागण्या निघतात. सार्वजनिक पैशाने तयार झालेल्या संकरांचे आईबाप-वाण कोणा एका कंपनीला राखीव देऊ नयेत. शेतकरी गटांना आणि सहकारी संस्थांना ते रीतसर मिळावेत. भोपळा, दुधी, काकडी, दोडका, पडवळ यांच्या सरळ वाणांच्या सुधारणेसाठी राज्यातील चारही कृषी विद्यापीठांना स्वतंत्र तरतूद हवी. १९७६ साली अकोल्यात स्थापन झालेल्या महाबीजने हे बियाणे वाजवी दराने गावोगाव पोचवण्याची जबाबदारी घ्यावी. पाकिटातील बी सरळ वाणाचे की संकरित, हे मोठ्या मराठी अक्षरांत छापणे सक्तीचे व्हावे. आणि २००४ पासून वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिलेल्या नव्या बियाणे कायद्याच्या कोणत्याही मसुद्यात ३९ व्या कलमाला धक्का लागता कामा नये.

मागण्यांबरोबर कामही हवे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान एका बाईचा झाला. काम मात्र प्रत्येक तालुक्यात होण्यासारखे आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. उद्या उमलणारी नर आणि मादी फुले आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावीत, सकाळी उघडून पराग लावावा, मादी फूल पुन्हा बांधावे आणि देठाला खूण करावी. एवढ्याने वाण शुद्ध राहतो. दुधीसाठी वेळ उलटी, कारण तो संध्याकाळी उमलतो. गावातील एका वेलावर सारी भिस्त न ठेवता चार-सहा निरोगी वेलांतून बी घ्यावे, फळाची चव पाहावी, कडू निघाल्यास सारे बी टाकून द्यावे आणि वहीत गाव, घर, वर्ष लिहून ठेवावे.

भिवंडी तालुक्यात अजूनही पावसाळ्यात मांडव पडतात. काँक्रीटच्या कडेलाही वेल चढतो. त्या वेलांची नोंद करणे, त्यांच्या राखणाऱ्या बायकांना गाठून त्यांचे ज्ञान उतरवून घेणे, हे येत्या पावसाळ्यातले काम महिला आणि युवक शाखांनी एकत्र हाती घ्यावे. संकराचा जोम निसर्गाची देणगी आहे, तिच्याशी कोणाचे भांडण नाही. भांडण आहे ते त्या जोमाभोवती घातलेल्या कुंपणाशी. आणि कुंपणाविरुद्धचा लढा मोर्च्याच्या दिवशी सुरू होत नाही. मूठभर बी निवडून, वाळवून शेजारच्या घरी देण्यापासून तो सुरू होतो.